नमुन्याचा शर्ट

थोरल्याने आपल्या आईला अडाणी म्हटलं. घरात म्हटलं असतं तर म्हातारीने दोन शब्द सुनावून सोडून दिलं असतं. आईला घरात कोण काय म्हणत नाही. पण याने म्हटलं ते शाळेच्या समितीपुढे, पंख्याखाली बसून, अंगात कोट घालून. आणि म्हातारीला ते कळलं कुणाकडून, तर शाळेच्या शिपायाकडून. पँटची उसवलेली शिवण घालून घ्यायला आलेला माणूस, टेबलावर कोपर टेकून सांगत होता, "हेडमास्तर म्हणाले, माझी आई अडाणी आहे, तिला नियम काय कळणार, भाबडेपणाने शिवून बसली. मनावर घेऊ नका हं." म्हातारीने मनावर घेतलं नाही. फक्त त्याची शिवण अशी आवळली, की खुर्च्या पुसायला वाकताना त्याला आठवडाभर देव आठवावा.

आता तोच थोरला सुट्टीच्या दिवशी दुपारी बायकोला घेऊन दुकानात आला होता, आणि आईने पुढे सरकवलेल्या स्टुलावर बसण्याआधी त्याने ते रुमालाने पुसलं.

"पूस, पूस," म्हातारी म्हणाली. "अडाणी माणसांचं स्टूल आहे. कोटाला काही लागलं तर साहेबांना काय तोंड दाखवशील."

"आई, तो विषय नंतर."

"विषय तुझ्या शाळेत. माझ्या दुकानात नुसतं बोलणं असतं."

शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. त्याखालून येणारं ऊन बेतायच्या टेबलाच्या पायांपर्यंत येऊन थांबलं होतं. टेबलावर शाळेच्या गणवेशांचा ढीग, काहींना बटणं लागलेली, काहींची काजं व्हायची. धाकटा टेबलाच्या पलीकडे कात्री हातात घेऊन उभा होता. बेतायला काही नसलं तरी भांडणाच्या वेळी त्याला हातात कात्री लागते, नाहीतर हातांचं काय करायचं ते त्याला सुचत नाही. त्याची बायको चहाचे कप गोळा करत होती आणि एकही कप आत नेत नव्हती. थोरली सून भिंतीशी खुर्चीवर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन, डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशी.

म्हातारी आपल्या मशीनपाशी होती. गल्लीत तिला माघारी टाचणी म्हणत. तिला ते माहीत होतं आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. टाचणी आहे म्हणून कापड जागच्या जागी आहे, असं ती म्हणायची. नवरा गेला तेव्हा या दुकानात एक मशीन होतं आणि पदरात दोन पोरं. एकाला तिने मशीनवर बसवलं, एकाला शाळेत. शाळेत बसवलेला त्याच शाळेचा हेडमास्तर झाला, त्या दिवशी ती गल्लीच्या मधोमधून चालत गेली होती. एरवी कडेकडेने जायची.

आणि चिंध्यांच्या गाठोड्यावर, सगळ्यांकडे पाठ करून, बटणं लावत बसली होती ती, जिच्यामुळे हे सगळं उपटलं होतं. धाकट्याची मुलगी. सगळे तिला मुंगी म्हणत. वाटेत बोट ठेवलं तर मुंगी बोटाला वळसा घालते, पण माघारी फिरत नाही, तशी ही.

झालं होतं ते एवढंच. या वर्षी शाळेत नियम आला, की मुलांच्या अंगावर कुठल्याही धर्माची खूण दिसता कामा नये. शाळा सरकारी, सगळ्यांची. हेडमास्तर रोज सकाळी फाटकात उभा राहून स्वतः मुलांचे गळे तपासायचा. या घराच्या पंथाची खूण म्हणजे दोऱ्यात ओवलेला लाकडी मणी. घामाने तो मानेला टोचतो, म्हणून म्हातारीने या वर्षी कॉलरच्या आत एक चोरघडी घातली होती. मणी तिच्यात सरकवला की टोचत नाही, आणि दिसतही नाही. निम्म्या शाळेच्या कॉलरी अशा. गल्लीतल्या रंगाऱ्याच्या घराची खूण वेगळी. त्यांच्यात गळ्याशी पातळ पितळी कडी असते, लहानपणी एकदा घातली की काढायची नाही. ती कॉलरच्या वर दिसते. रंगाऱ्याची मुलगी, मुंगीच्या शेजारी बसणारी, रोज सकाळी फाटकापर्यंत यायची आणि रोज परत जायची. आणि एका सकाळी मुंगीने रांगेत उभं राहून ब्लेडने स्वतःची कॉलर उसवली, मणी बाहेर काढला, काकाच्या पुढ्यात धरला आणि म्हणाली, "माझाही बघा." मग मागच्या मुलाची कॉलर पाहिली गेली, मग त्याच्या मागच्याची. गोष्ट समितीपर्यंत गेली, आणि मुंगीला शाळेबाहेर ठेवलं.

"उद्या सकाळी तपासणीचे साहेब इथे येतील," थोरला म्हणाला. "तुला एकच वाक्य बोलायचं आहे, आई. घडी मी माझ्या मनाने घातली, मुलाला माहीत नव्हतं. संपलं. मुंगी परवापासून वर्गात."

"आणि नाही बोलले तर?"

"तर चौकशी लागेल. माझी खुर्ची जाईल ते सोड. मुंगीला बाहेर ठेवलंय ते चौकशी होईतोवर बाहेरच राहील. शेवटचं वर्ष आहे तिचं. परीक्षेला बसता येणार नाही."

धाकटीच्या हातातले कप एकमेकांवर वाजले. "आई, बोलून टाका ना," ती म्हणाली. "एक वाक्य तर आहे. तुम्हाला कोण काय करणार? म्हातारं माणूस म्हणून सोडून देतील."

"म्हणजे तुझ्याही मते मी अडाणी."

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. कपात बुडवून दिलंस."

धाकट्याने घसा साफ केला. "आई, दादा म्हणतो त्यात तथ्य आहे. गणवेशाचं काम दादामुळे आहे आपल्याकडे. साहेब बिथरले तर पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाईल. मग आपण काय, उशांचे अभ्रे शिवायचे?"

"अभ्र्यांना कॉलर नसते," म्हातारी म्हणाली. "झंझट नाही."

कुणी हसलं नाही. एरवी धाकटा तरी हसला असता.

"आणि खोटं तरी कुठे बोलायचं आहे?" थोरला पुढे झुकला. त्याचा आवाज मऊ झाला होता, पालकांशी बोलताना होत असावा तसा. "घडी तुझ्याच हातची आहे. सगळ्या गल्लीला तूच सांगत होतीस, माझी युक्ती, माझी युक्ती. शंभर साक्षीदार मिळतील."

म्हातारीने मशीनच्या सुईतला दोरा काढला आणि पुन्हा ओवला.

ते खरं होतं. ती सांगत होती. नळावर सांगितलं, दळणाच्या रांगेत सांगितलं, दुकानात आलेल्या प्रत्येक आईला कॉलर उलटी करून दाखवलं. बघा, कुठे टाका दिसतोय का. मात्र घडी घालायची कल्पना कुणाची, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळेला सुट्टी होती, कापडाचे ताके नुकतेच फोडले होते, आणि थोरला एकटाच दुकानात आला होता. लहानपणी बसायचा तसा बेतायच्या टेबलावर चढून बसला. "आई, मणी मानेला टोचतो गं," म्हणाला. "कॉलरच्या आत बसेल असं काही करता येईल?" कितीतरी वर्षांत त्याने आईला काही विचारलं नव्हतं. सांगायचा, विचारायचा नाही. तिने चष्मा पुसला आणि कामाला लागली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. "आपल्या सगळ्या मुलांच्या कपड्यांना अशीच घाल," तो जाताना म्हणाला, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून गेला. पुढे लोकांना सांगताना तिने त्याला वगळलं. एवढा मोठा हेडमास्तर कॉलरीत डोकं घालतो हे सांगायला बरं दिसत नव्हतं, आणि युक्ती आपली म्हणायला फार बरं दिसत होतं.

"आजी," मुंगी पाठ न वळवता म्हणाली, "रंगारीणकाकू आल्या होत्या ना."

"तू बटणं लाव," तिची आई म्हणाली.

"लावतेय. नियम लागल्यावर आल्या होत्या, कापड घेऊन. म्हणाल्या, हिची कॉलर दोन बोटं उंच करा, कडी झाकली जाईल, पोरीची शाळा बुडतेय. आजी काय म्हणाली ते मी काकांना सांगितलेलं नाही."

म्हातारीला ते आठवायला कष्ट पडले नाहीत; काही वाक्यं बोलून झाली तरी तोंडात राहतात, विड्याच्या चोथ्यासारखी.

"मी सांगते," ती म्हणाली. "मी म्हटलं, माझ्या हातची युक्ती आहे बाई, भिंतीचा चुना नाही सगळ्यांना फासायला."

थोरलीने मान खाली घातली. धाकटीनेही घातली, कारण त्या दिवशी ती काउंटरपाशी होती आणि हसली होती. चांगलं हसली होती. पुढे येता-जाता म्हातारीने ते वाक्य दोघी सुनांना ऐकवलं होतं. रंगारणीने काय केलं होतं? कापडाची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा लावून, नीट, सुरकुती न पडू देता. आणि "येते हं" म्हणाली होती. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर आज बरं झालं असतं.

"ते जाऊ दे," थोरला म्हणाला.

"का जाऊ दे? तू मला एक सांग. घडी घाल म्हणून सांगायला आलास तेव्हा सुट्टी होती. नियम मुलांना सांगितला शाळा उघडल्यावर. तुला कधी कळला?"

"हे वेळा-काळाचं काय काढलंस..."

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "आदेश सुट्टीतच आला होता ना? शिपाई म्हणत होता, तुझ्या खोलीत पडून होता म्हणून."

थोरल्याने त्याच्याकडे असं बघितलं की धाकट्याने कात्री खाली ठेवली.

"म्हणजे घडी घालायला तू सांगितलंस?" धाकटीने विचारलं. तिला भाऊजींना अरे-तुरे करायची सवय नव्हती, निसटलं. "म्हणजे, तुम्ही? आणि माझ्या पोरीला तुम्हीच बाहेर काढलंत?"

"सांगितलं," थोरला म्हणाला. मऊ आवाज गेला होता. "हो, सांगितलं. नियम मी केला नाही, वरून आला. निम्मी शाळा आपली आहे. सगळ्यांचे मणी काढायला लावले असते तर दुसऱ्या दिवशी आपलेच लोक फाटक मोडायला आले असते. या दुकानाच्या काचा राहिल्या असत्या? मी आपल्या मुलांची सोय केली. कुणाला त्रास न होता नियम पाळला गेला असता. यात मी कुणाचं काय वाईट केलं?"

"तिचं," मुंगी म्हणाली.

"तशा दोघी-तिघी असतील सगळ्या मिळून. आणि कडी कापता येते."

"दोरा पण तोडता येतो, काका." मुंगीने दाताने दोरा तोडला आणि बटण ओढून पाहिलं. "ती म्हणते, सगळ्यांनी काढलं असतं तर मीही कापून टाकली असती. सगळ्यांना घालू दिलं असतं तर प्रश्नच नव्हता. फक्त मलाच का. मी तिला काय सांगणार? मी रोज तिच्या पुढे उभी असायचे. तुम्ही माझ्या कॉलरवरून बोट फिरवायचात आणि म्हणायचात, जा. मग तिला म्हणायचात, तू थांब. मला आत जाताना मागे बघायची लाज वाटायची. मग मी बघायचंच सोडलं. ती हाक मारायची तरी."

एवढं बोलून ती पुढचं बटण शोधायला खाली वाकली आणि बराच वेळ शोधत राहिली.

थोरल्याने मानेमागे हात नेला आणि कोटाच्या कॉलरमध्ये बोट घातलं. दुपार तापलेली, शटर अर्धं बंद, पंखा शिवणाऱ्यांच्या बाजूला वळवलेला. तरी कोट काही त्याने काढला नव्हता. म्हातारी त्या बोटाकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने माणसांपेक्षा त्यांचे कपडे जास्त नीट पाहिले होते. बोट कुठे थांबलं ते तिला दिसलं.

"मी दोनदा चुकले होते," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा जमली. कशावर जमली रे?"

"काय?"

"घडी. पहिली घडी मी कशावर घातली? नमुना कशाचा केला?"

थोरल्याने बोट कॉलरमधून काढून घेतलं.

"कोट काढ."

"आई, लहान पोरांसारखं काय..."

"काढा ना," थोरली म्हणाली. इतका वेळ ती खोलीत आहे हेच सगळे विसरले होते. लग्न होऊन आल्यापासून तिने या दुकानात नवऱ्याच्या विरुद्ध एक शब्द काढला नव्हता. पर्स मांडीवर घ्यायची आणि बसायची. "काढा. मी रोज धुते तो शर्ट. धुण्याआधी मणी काढून खुंटीला लावते, सकाळी तुम्ही तो परत आत सरकवता, आरशासमोर. मग फाटकात जाता. मला वाटायचं, असेल काहीतरी, मला काय कळतंय."

ती उठली आणि तिनेच मागून कोट उतरवला. त्याने हात आवळून धरले नाहीत. पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता.

म्हातारी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. अंगठा आणि पहिलं बोट कॉलरवर ठेवून तिने कापड चाचपलं, जसं ती दिवसातून पन्नासदा चाचपत असे. तिथेच होता. वाटाण्याएवढा, गोल, कापडाच्या दोन थरांमध्ये सुखाने बसलेला. तिचा टाका कुठेही दिसत नव्हता. चांगलं काम होतं. तिला आपल्या बोटांची अशी शिसारी कधी आली नव्हती. लगेच काढून घ्यावीत तर तीही निघेनात.

"हा अंगात घालून," ती म्हणाली, "तू पोरांचे गळे तपासायचास."

बाहेरून एक सायकल गेली, तिची घंटा दुकानात उगाच जास्त वाजली.

"उद्या साहेब येऊ दे," म्हातारी आपल्या जागी येऊन बसत म्हणाली. "मी सांगेन. घडी माझ्या हातची, सांगणं माझ्या मुलाचं, आणि नमुना बघायचा असेल तर त्याच्या अंगावर आहे. युक्ती माझी नव्हती, हेही सांगेन. गल्लीला पण सांगेन. हसतील. हसू दे."

"काम जाईल, आई," धाकटा म्हणाला, पण सवयीने; त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"जाऊ दे."

धाकटीने कप टेबलावर ठेवले आणि पदर खोचला. म्हातारीने विचारलं, "तू कुठे निघालीस?"

"रंगारणीकडे. कापड घेऊन ये म्हणते. आज करून देऊ."

"तू बस. तू नुसती हसली होतीस. बोलले मी होते, मी जाईन."

"कापड कशाला, आजी?" मुंगी म्हणाली. "तिला आता झाकायचं नाहीये."

"मग मी तिच्या दारात जाऊन काय सांगू?" म्हातारीने खरंच विचारलं, नातीला.

"मला नाही माहीत. नुसती जा."

म्हातारीने चपला शोधल्या. एक मशीनखाली गेली होती. ती काढायला धाकटा वाकला. तेवढ्यात थोरला उठला. कोट त्याच्या हातावर होता, घालावा की नको ते त्याला ठरवता येत नव्हतं. त्याचं वय एकदम दिसायला लागलं होतं. शटरपाशी तो आईला आडवा आला.

"तुला राग कशाचा आहे ते मला कळतं," तो म्हणाला. "समितीपुढे मी तुला अडाणी म्हणालो. ते चुकलं. त्याची मी माफी मागतो, सगळ्यांसमोर."

म्हातारीने चपलेत पाय घातला. वाकून शटरखालून जायचं होतं, पण ती आधी ताठ उभी राहिली.

"अडाणी तर मी आहेच," ती म्हणाली. "सही करण्याइतकी अक्षरं झाली आणि मला शाळेच्या दारातून घरी आणलं, धाकट्या भावाला सांभाळायला. ज्यांनी आणलं ते सगळे मेले. आता रागवू कुणावर? त्या रंगाऱ्याच्या पोरीला दारातून परत कोण धाडतोय, ते मात्र मला माहीत आहे. त्याला मी जन्म दिला, त्याला मी शिकवलं, आणि त्याची कॉलरही मीच शिवली. तू माफी माझी मागू नकोस. मला अजून तिची मागायची आहे, आणि मला रस्ता दे, तू दारात उभा आहेस."